डेन्मार्कच्या बाईंची ओटी

“लग्नपत्रिकेत खाली काय छापलेलं असतं, मॅडम?” राजकुमार हिवराळे यांनी विचारलं.

स्वराली मॅडमनी लॅपटॉपवरून मान वर केली. त्या पुण्याहून आलेल्या, मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख, वयाने हिवराळ्यांच्या मुलीएवढ्या. डेन्मार्कहून आलेल्या ईमेलवर मीटिंग चालू असताना हे गृहस्थ लग्नात कुठून शिरले, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

“काय असतं?”

“ ‘कृपया आहेर आणू नये.’ ”

“मग?”

“मग काय? अशा लग्नाला तुम्ही कधी हात हलवत गेल्या का?”

टेबलाच्या टोकाला अप्पाराव ढाकणे बसले होते. कंपनी त्यांची, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतली. पाण्याच्या पंपांची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कवचं इथल्या भट्टीत ओतली जायची आणि समुद्रापार जायची. हिवराळ्यांचा मुद्दा ऐकून अप्पाराव खुर्चीत असे रेलले, की खुर्ची कुरकुरली.

“बघा,” ते म्हणाले, “ह्याला म्हंतात अनुभव.”

“पण सर, त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आमच्या प्रतिनिधी तपासणीला येतील, त्या कुठलीही भेटवस्तू स्वीकारणार नाहीत. ठळक अक्षरांत आहे.”

“ठळक हाय म्हंजे माणसं सभ्य हायेत. आपल्याकडं बारीक अक्षरात छापतात.”

स्वराली मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाहुण्यांचं सगळं काम पुण्यातल्या एका एजन्सीला द्यावं. ते लोक परदेशी रीतीभाती शिकलेले असतात, कुणाला काय द्यायचं आणि कुणाला काय द्यायचं नाही याचं त्यांच्याकडे प्रशिक्षण असतं.

“एवढा एक दौरा हिवराळ्यांचा,” अप्पारावांनी निकाल दिला. “पाच वर्षांच्या ऑर्डरचा सवाल हाय. बाई खूश होऊन गेल्या तर पाहुणे हिवराळ्यांकडंच राहतील. नाय तर तुमची एजन्सी.”

“आणि मग हिवराळे सर?”

“भंगाराच्या यार्डात माणूस लागतोच हाय,” अप्पाराव म्हणाले. हिवराळे समोरच बसले होते. पण अप्पारावांच्या मनात कधी काही नसायचं, त्यामुळे ते तोंडावर बोलायचे आणि लोकांनाही ते बोलणं मनाला लावून घ्यायची सोय नव्हती.

कागदोपत्री हिवराळे प्रशासन विभागातले वरिष्ठ सहायक. प्रत्यक्षात त्यांच्याकडे पाहुणे होते. कंपनीत कुणाकडे भट्टी असते, कुणाकडे लेथ, कुणाकडे हिशेब, हिवराळ्यांकडे पाहुणे. गेटवरच्या फळ्यावर पाहुण्याचं नाव खडूने लिहिण्यापासून त्याचं विमान आभाळात दिसेनासं होईपर्यंत तो त्यांच्या ताब्यात. पुष्पगुच्छ, शाल, श्रीफळ, गाडी, हॉटेल, बिनतिखट भाजी. पाहुण्याला कोणतं पाणी चालतं, कोणत्या पंख्याखाली शिंका येतात, हे पाहुण्याच्या बायकोच्या खालोखाल हिवराळ्यांना ठाऊक. लोक त्यांना ‘पाहुणे हिवराळे’ म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. पुंडलिकनगरच्या घरावरच्या पाटीवर तेवढं लिहायचं बाकी ठेवलं होतं.

आणि ‘नको’ हा त्यांचा खास विषय. व्याह्याचं नको वेगळं, जावयाचं वेगळं, पंगतीत तिसऱ्यांदा आलेल्या जिलबीला म्हटलेलं नको त्याहून वेगळं. या सगळ्या जाती त्यांना तोंडपाठ होत्या, आणि यांतल्या कुठल्याही नकोचा अर्थ नको असा नसतो, हा त्यांचा आयुष्यभराचा निष्कर्ष होता. निष्कर्ष चुकीचा नव्हता. फक्त तो शेंद्रा ते सिल्लोड या टापूत काढलेला होता.

डेन्मार्कच्या बाईंचं नाव इंग्रिड. त्या आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. उंच, करड्या केसांच्या, खिशात टॉर्च ठेवणाऱ्या. बिडाच्या प्रत्येक कवचात टॉर्च मारून अशा बघायच्या, जणू आत कुणी लपून बसलं असावं. हिवराळ्यांचं त्यांच्याविषयी फार चांगलं मत होतं. एकच खोट होती. बाई विसराळू.

पहिल्या खेपेला कंपनीने हिमरू शाल आणि नारळ दिला. दुसऱ्या दिवशी हॉटेलची खोली बघायला गेलेल्या हिवराळ्यांना शाल पलंगावर, उशीखाली सापडली. त्यांनी तशीच गाडी चिकलठाण्याला पळवली आणि विमानतळाच्या दारात, रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या हातात धापा टाकत शाल दिली. “यू फरगॉट, मॅडम!” बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग थँक यू म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला शाल होतीच, शिवाय लाकडी चौकटीतलं मकबऱ्याचं चित्र. या वेळी दोन्ही कपाटात, जादाच्या उशीच्या मागे राहिली. विमान उडाल्यावर हॉटेलातून फोन आला. हिवराळ्यांनी दोन्ही वस्तू कुरिअरने डेन्मार्कला धाडल्या. पोचल्याचं उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी कुरिअरवाल्याला चार शब्द सुनावले.

या खेपेची भेट मात्र अप्पारावांच्या पत्नी दमयंतीबाईंनी स्वतः ठरवली. त्यांनी हिवराळ्यांना बंगल्यावर बोलावून घेतलं. तिपाईवर पितळेची समई होती, चांगली गुडघ्याएवढी. शेजारी ताटात खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकवाच्या पुड्या.

“बाईमाणूस तिसऱ्यांदा दारात येते,” दमयंतीबाई म्हणाल्या, “अन् तुम्ही तिला पुरुषासारखी शाल पांघरता? मी असते तर पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. ओटी भरायची हो तिची. समई त्यांच्या घरात लागली की रोज आपली आठवण येईल.”

“व्हय बाईसाहेब.”

“अन् विसरतात म्हणे त्या?”

“ते बघतो मी.”

घरी आल्यावर हिवराळ्यांनी सामान टेबलावर मांडलं. त्यांची पत्नी सरिता शाळेत शिक्षिका. ती चष्मा पुसत आली आणि तांदळाच्या पिशवीकडे बघून हसायला लागली.

“धम्मदीक्षेबरोबर आपल्या घरातली ओटी गेली. आजेसासूबाईंनी सोडली ती सोडली. अन् तुम्ही कंपनीत ओटीचे मॅनेजर.”

“मॅनेजर कुठला? असिस्टंट.”

“अहो, पण ती बाई नको म्हणतीय ना? मग नका देऊ.”

“तुला तुझ्या बहिणीनं ती साडी दिली, तेव्हा तू किती वेळा नको म्हणलीस?”

“मला खरंच नको होती!” सरिता म्हणाली. “रंग बघितला का तिचा? अजून तशीच पेटीत पडलीय.”

“पण घेतली ना?”

सरिताने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वह्या तपासायला निघून गेली. आपण वाद जिंकला असं हिवराळ्यांना वाटलं. नवऱ्यांना ते तसंच वाटत असतं.

कोपऱ्यात त्यांची माय पारूबाई शेंगा फोडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“हातात द्यायचंच कशाला, राजू?” ती म्हणाली. “जाताना पिशवीत टाकून द्यावं. तू कॉलेजाला होता तवा चटणी नको म्हनायचा. मी कपड्याखाली दडवायची. खाल्लीच का नाय? पाव्हणा नको म्हनतो बाबा, पिशवी नाय म्हनत नाय.”

हिवराळे मायकडे बघत राहिले. विसराळूपणावर इतका साधा उपाय डोळ्यांसमोर होता आणि आपण कुरिअर करत बसलो.

इंग्रिडबाई आल्या. गेटवरच्या फळ्यावर त्यांचं नाव झेंडूच्या माळेत होतं. हिवराळे पुष्पगुच्छ घेऊन पुढे झाले, तशा बाईंनी हात जोडले.

“नको, मिस्टर राज. प्लीज. या वेळी खरंच नको.”

हे एक नको झालं, असं हिवराळ्यांनी मनाशी धरलं.

तपासणी मात्र छान झाली. बाईंनी भट्टी पाहिली, साचे पाहिले, टॉर्च मारमारून कवचं पाहिली. दुपारी एजन्सीच्या धर्तीवर मागवलेले सँडविच बाजूला सारून त्यांनी हिवराळ्यांच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि पिठलं होतं. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबल्या नाहीत. त्यांच्या आवाजात हिवराळ्यांनी पहिल्यांदाच ‘आणखी’ ऐकलं.

“इथे बसून खाल्लेलं आमच्या नियमात चालतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “न्यायचं नाही.”

“येस मॅडम,” हिवराळे म्हणाले. त्यांच्या कानांनी हे वाक्य ऐकलं होतं. पुढे ते कुठे गेलं, ते सांगता येत नाही.

शेवटच्या दिवशी सभागृहात सत्कार. अप्पारावांनी माइकवरून भारत आणि डेन्मार्क यांचं नातं किती जुनं आहे ते सांगितलं, आणि ते कोणतं हे न सांगता खाली बसले. दमयंतीबाई ताट घेऊन पुढे आल्या. इंग्रिडबाई उठल्या, त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान हलवली.

“खूप सुंदर आहे. पण मी घेऊ शकत नाही. मला क्षमा करा.”

दमयंतीबाईंचं ताट अधांतरी राहिलं. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. अप्पारावांनी हिवराळ्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि दात न हलवता विचारलं, “हे कसलं ओ हिवराळे?”

“दुसरं नको झालं साहेब. अजून एक म्हणतील.”

“अन् मग?”

“मग पोचलं म्हणून समजा.”

हॉटेल सोडताना तेही झालं. हिवराळ्यांनी सहज विचारलं, मॅडम, काही लहानशी आठवण तरी? बाई हसल्या. “तुम्ही थकत नाही का हो? नाही. काहीच नको.” हिवराळ्यांना हायसं वाटलं. रीत पूर्ण झाली होती.

बाई समारोपाच्या मीटिंगला आत गेल्या. त्यांची बॅग कंपनीच्या गाडीच्या डिकीत होती. कुलूप नव्हतं, ज्यांच्या बॅगेत लपवण्यासारखं काही नसतं, त्यांची बॅग अशीच असते. ड्रायव्हर चहाला गेला होता. हिवराळ्यांनी चेन उघडली. परक्या बाईच्या कपड्यांवर नजर जाऊ नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि चाचपडत सामान ठेवायला सुरुवात केली. समई सुटी केली होती, बैठक, दांडा, तबकडी आणि वरचं टोकदार मोराचं शिखर, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून. कडेला नारळ. मध्ये तांदूळ. हळदकुंकवाच्या पुड्या फुटू नयेत म्हणून त्यांनी त्या मोज्यांच्या जोडीत सारल्या. सगळ्यांवर खण. चेन लावून त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मायने कॉलेजच्या दिवसांत आपल्या बॅगेवरून फिरवला असेल तसाच त्यांचा हात त्या बॅगेवरून फिरला.

चिकलठाण्याला संध्याकाळी एकच विमान होतं. बाई आत गेल्या. हिवराळे बाहेर काचेपाशी उभे राहिले. पाहुणा उडेपर्यंत थांबायचं, ही त्यांची पद्धत.

काचेतून त्यांना दिसलं ते असं. बॅग यंत्रात गेली. पट्टा थांबला. पडद्यापुढे बसलेल्या जवानाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघे पडद्यात वाकून बघायला लागले. मग त्यांनी इंग्रिडबाईंना बाजूला घेतलं. बॅग टेबलावर उघडली गेली. बाईंनी आत पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. नारळ टेबलावरून घरंगळला आणि जमिनीवर पडला. एका जवानाने तो उचलायला वाकलेल्या प्रवाशाला मागे ढकललं.

हिवराळे दाराकडे धावले.

“चाचा, टिकट,” दारावरच्या जवानाने बंदूक आडवी धरली.

“अरे भाई, वो हमारी मेहमान है! उनकी बॅग में हमारा सामान है!”

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, वाक्य जरा वेगळं जुळवायला हवं होतं. जवानाचे डोळे बारीक झाले.

“आपका सामान? उनकी बैग में? मैडम को मालूम है?”

“नहीं ना! वही तो.”

तिकीट नसताना विमानतळात जाण्याचा मान हिवराळ्यांना असा मिळाला. दोघा जवानांच्या मधे.

आतल्या खोलीत टेबलावर सगळी ओटी पसरली होती. उत्तरेकडचा, जाड मिशांचा एक अधिकारी मोजे उलटे करून बघत होता. मोज्यांतून पिवळी आणि लाल पूड सांडली होती. इंग्रिडबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी हिवराळ्यांकडे पाहिलं, मग नजर टेबलाकडे वळवली.

“ये पाउडर क्या है?”

“हल्दी साहब. और कुंकू. शगुन का.”

“और ये नुकीला?”

“दिया है साहब. समई. जोड़ के दिखाता हूँ.” हिवराळ्यांनी बैठकीत दांडा बसवला, तबकडी फिरवली, वर मोर लावला. खोलीत समई उभी राहिली. एक जवान तिच्याकडे बघून नकळत सावरून उभा राहिला.

“चावल, नारियल, ये सब किसलिए?”

“गोद भरते हैं साहब.”

अधिकाऱ्याने बाईंकडे पाहिलं, मग अदबीने आवाज खाली केला. “मैडम प्रेग्नेंट हैं?”

एवढा एकच शब्द इंग्रिडबाईंना कळला आणि त्या खुर्चीतून उठल्या. बाईंचं वय साठीला टेकलेलं होतं.

तासभर लिहापढी झाली. अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं की इथे गुन्हा नाही, नुसता पाहुणचार आहे. पण ‘बॅग तुम्हीच भरली का’ या प्रश्नाला बाईंनी खरं उत्तर दिलं होतं, आणि खरं उत्तर दिलं की वेळ लागतो. विमान त्यांना न घेता गेलं. खिडकीतून त्याचा आवाज आला तेव्हा हिवराळ्यांनी सवयीने वर पाहिलं. पाहुणा खोलीतच होता.

दोघांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. मधे बॅग, बॅगेवर नारळ. हिवराळ्यांनी चहा आणला. बाईंनी तो घेतला.

“मिस्टर राज, मी तीनदा नाही म्हटलं,” त्या सावकाश म्हणाल्या, म्हणजे समोरच्याला समजावं म्हणून.

“येस मॅडम. तीनदा.”

“तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं. आमच्याकडं तीनदा नाही म्हणावंच लागतं. लगेच घेतलं तर माणूस हावरा दिसतो. तिसऱ्या नाहीनंतर देतात.”

बाईंनी चहाचा घोट घेतला. “आणि एखाद्याला खरंच नको असेल तर? तो काय म्हणतो?”

हिवराळ्यांनी विचार केला. सगळ्या जाती आठवून पाहिल्या. व्याह्याचं, जावयाचं, जिलबीचं.

“त्याला काही सोय नाही, मॅडम,” ते म्हणाले. त्यांना सरिताची पेटी आठवली आणि त्यांनी मान खाली घातली.

“ती शाल मी विसरले नव्हते,” बाई म्हणाल्या. “उशीखाली ठेवली होती. तुम्ही दारात आलात, तुम्हाला धाप लागली होती, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. दुसरी तुम्ही थेट ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलीत. तिच्याबद्दल मला समितीपुढे बसावं लागलं. आमच्याकडे पुरवठादाराकडून काही घेतलं, तर मी दिलेल्या मार्कांवर कुणी विश्वास ठेवत नाही. तुमच्या कवचांना मी चांगले मार्क दिलेत. ती चांगली आहेत म्हणून. आता लोक म्हणतील, दिव्यासाठी दिले.”

“मला वाटलं, तुम्ही विसराळू आहात.”

“मला वाटलं, तुमची कंपनी मला विकत घेऊ बघतेय.”

“नाही हो मॅडम!” हिवराळे कळवळून म्हणाले. “मायनं सांगितलं म्हणून टाकलं मी बॅगेत.”

बाई हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही.

“मला हे कळवावं लागेल. लपवता येणार नाही.”

हिवराळ्यांच्या डोळ्यांपुढे भंगाराचं यार्ड आलं. सांगावंसं वाटलं, मॅडम, नका कळवू, माझे पाहुणे जातील. पण ज्या बाईचं नाही त्यांनी इतकी वर्षं ऐकलं नव्हतं, तिला आता कशाला हो म्हणायला लावायचं?

“कळवा मॅडम,” ते म्हणाले.

“तुमचं नाव घालणार नाही. कंपनीने दिलं, एवढंच लिहीन.”

बाईंनी शब्द पाळला. डेन्मार्कहून विचारणा आली तिच्यात कुणाचंच नाव नव्हतं. नाव घातलं ते शेंद्र्याहून. उत्तराचा मसुदा स्वराली मॅडमनी हिवराळ्यांना समोर बसवून मराठीत समजावून सांगितला. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

“ ‘कंपनीला याची कल्पना नव्हती. संबंधित कर्मचारी श्री. आर. हिवराळे यांनी वैयक्तिक उत्साहाच्या भरात हे कृत्य केले असून, त्यांना पाहुण्यांच्या कामातून मुक्त करण्यात आले आहे.’ ”

अप्पाराव खिडकीतून बाहेर बघत होते. “कंपनी वाचायला पाहिजे ना हिवराळे,” ते म्हणाले. “तुम्ही घरचे. तुम्ही समजून घ्याल.”

“ ‘उत्साहाच्या भरात’ बरोबर आहे,” हिवराळे म्हणाले. “ ‘वैयक्तिक’ तेवढं काढता आलं तर बघा, मॅडम.”

स्वराली मॅडमचं बोट लॅपटॉपवर शब्द खोडायच्या बटणावर गेलं. त्यांनी अप्पारावांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही. बोट मागे आलं.

महिन्याभरात ऑर्डर आली. पाच वर्षांची. सोबतच्या पत्रात एवढंच होतं, की कवचांचा दर्जा समाधानकारक आहे. यापुढे तपासणीला दुसरे प्रतिनिधी येतील. म्हणजे समई घेतली असती तरी ऑर्डर येणार होती, आणि न घेता ती आलीच. इतक्या वर्षांच्या शाली, श्रीफळं आणि मकबरे यांचा भट्टीतून निघणाऱ्या मालाशी काही संबंध नव्हता, हे त्या कागदावर दोन ओळींत लिहिलेलं होतं. कंपनीत तसं कुणी वाचलं नाही. दमयंतीबाईंनी तर सगळ्यांना सांगितलं, “ओटी भरायला गेलो, तिथंच काम झालं.” पेढे वाटले. यार्डातही एक पुडा पाठवला.

हिवराळ्यांनी पेढा खाल्ला. वरून पाणी प्यायले. संताप यावा तर कुणाचा? अप्पाराव वाईट नव्हते. स्वराली मॅडम तर आधीपासून बरोबर होत्या. माय तर मायच. इंग्रिडबाईंनी तीनदा सांगितलं होतं. राहता राहिले आपण. पण आपलीही चूक अशी, की घरी सांगायला गेलं तर निम्मं पुंडलिकनगर म्हणेल, ह्यात काय चुकलं?

यार्ड म्हणजे पत्र्याची खोली, वजनकाटा आणि लोखंडाच्या चुऱ्याचे ढीग. दुपारी ते ढीग इतके तापायचे, की त्यांच्यावरची हवा हलताना दिसायची. इथे पाहुणे येत नसत. ट्रक यायचे, चुरा भरून जालन्याच्या भट्ट्यांकडे जायचे. ड्रायव्हर खाली उतरत नसत; केबिनमधूनच पावती मागत.

एका दुपारी सिल्लोडकडचा ट्रक आला. ड्रायव्हर कडुबा नावाचा, पन्नाशीचा, खांद्यावर मळकं उपरणं. चुरा भरायला वेळ होता, आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसवत नव्हतं, म्हणून तो उतरून ट्रकच्याच सावलीत उभा राहिला. हिवराळे खोलीतून बाहेर आले. त्यांनी आतली एकुलती खुर्ची उचलून दाराशी सावलीत ठेवली, रुमालाने पुसली.

“या. लांबून आलात. बसा.”

कडुबाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“मला म्हंता का, साहेब?”

“तुम्हालाच. पाणी घ्या. माठातलं आहे.”

“नको नको, साहेब. नको.”

हिवराळ्यांच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात पेला. ते जागच्या जागी थांबले. काही महिन्यांपूर्वी त्यांनी हे नको ओळखलं असतं, जातकुळीसकट. आता त्यांना खरोखर कळेना. चुऱ्यावरून आलेली गरम झुळूक दोघांच्या मधून गेली.

“खरंच नको?” त्यांनी विचारलं.

कडुबा गोंधळला. त्याला आजवर काही लोकांनी पाणी पाजलं होतं आणि काहींनी पाणी विचारलंही नव्हतं. ‘खरंच नको?’ असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्याने पेल्याकडे पाहिलं. हिवराळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस थट्टा करत नाही, उत्तराची वाट बघतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला.

“अर्धा द्या,” तो म्हणाला.

हिवराळ्यांनी तांब्या कलता केला. पेला अर्धा झाला. सवयीने मनगट आणखी कलायला निघालं होतं, ते त्यांनी आवरून धरलं.